न केलेल्या त्यागाचा मान
लष्करात कधीही नसताना पदके मिरवणाऱ्याने कुणाकडून पैसे उकळले नसतील, तर ती केवळ बढाई ठरते, हे मत अमेरिकी कायद्यापुरते बरोबर आहे. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये लष्करी पदकांचा खोटा दावा हाच गुन्हा मानणारा आधीचा कायदा घटनाबाह्य ठरवल्यावर २०१३ च्या कायद्यात पैसा वा अन्य ठोस लाभ मिळवण्याच्या हेतूची अट आली. ख्रिस्ती माणसाला मात्र तेवढ्यावर थांबता येत नाही. बायबलच्या नव्या करारातील ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकातल्या हनन्याने चोरी केली नव्हती. जमीन त्याची होती, विकून आलेला पैसाही त्याचाच होता, आणि येशूचा शिष्य पेत्र याने तसे स्पष्ट सांगितलेही. काही रक्कम मागे ठेवून सगळे अर्पण केल्याचा आव आणणे, म्हणजे न केलेल्या त्यागाचा मान घेणे, हा त्याचा अपराध होता, आणि मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, आपल्या श्रद्धेची साक्ष देताना पूर्वायुष्य रंगवून सांगण्याचा मोह मलाही झालेला असल्याने तो मला फार जवळचा वाटतो.