मदत हवी आहे : सातवीला गणिताचे शिक्षकच नाहीत, पालकांनी काय करावं?

नमस्कार. मराठवाड्यातलं तालुक्याचं छोटं गाव आहे आमचं. मुलगी जिल्हा परिषद शाळेत सातवीला आहे आणि यंदा मी शाळा व्यवस्थापन समितीवर आले आहे.

गणित-विज्ञानाच्या सरांची बदली झाली, तेव्हापासून जागा रिकामीच आहे. भाषेचे गुरुजी गणितही घेतात. जीव तोडून शिकवतात, पण तीन वर्ग, त्यात मतदार यादीचं काम, त्यांनी तरी किती करावं? परवा मी वर्गात बसले होते. फळ्यावर 612 भागिले 6 होतं. निम्म्याहून जास्त मुलांचं उत्तर 12. मधलं शून्य द्यायचं असतं, हेच त्यांना ठाऊक नाही. माझ्या मुलीनंही 12च लिहिलं होतं. त्या रात्री मला झोप लागली नाही.

जाऊबाई म्हणतात, "काढ तिला तिथून, इंग्लिश मीडियमला टाक." गल्लीतली चार मुलं गेलीसुद्धा. पण 30 सप्टेंबरच्या पटावर संचमान्यता होते, म्हणजे शाळेला किती शिक्षक मंजूर ते ठरतं. पट घसरला की मंजूर पदंही जातात, मग राहिलेल्या मुलांनी कुणाकडे बघायचं? त्यात बहुतेक मजुरांची, ऊसतोड कामगारांची लेकरं आहेत. मला मुलीला काढायचं नाही.

शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीला विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्र आणि भाषा यांना किमान एकेक शिक्षक हवाच, असं स्पष्ट लिहिलंय. तो आधार देऊन गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे दोन अर्ज दिले. पोच मिळाली, शिक्षक नाही. कलम 32 खाली लेखी तक्रार केली तर तीन महिन्यांत निर्णय द्यावा लागतो, असं वाचलं. कुणी प्रत्यक्ष केली आहे का? अर्ज नेमका कुणाच्या नावे लिहिला, सोबत काय जोडलं?

दुसरं, गावात बी.एस्सी. झालेली एक मुलगी आहे, रोज तासभर यायला तयार आहे. लोकवर्गणीतून तिला मानधन द्यायचं तर समितीचा ठराव पुरतो का? की वरून परवानगी लागते?

आणि जे मला सगळ्यात जास्त हवंय ते हे : भागाकार मागे राहिलेल्या मोठ्या मुलांना पुन्हा पहिल्यापासून कसा शिकवावा? घरी मी शंभर, दहा आणि एकच्या खोट्या नोटा करून मुलीला सहा जणांत वाटायला लावल्या. दहाची एकच नोट सहा जणांत वाटता येईना, तेव्हा "म्हणून तिथे शून्य!" असं ती स्वतःच ओरडली. पण 38 मुलांच्या वर्गात हे कसं जमवायचं? तिसरीचं गणितही न येणारी आणि येणारी मुलं वेगळी बसवावीत का? मोठ्या मुलांना त्याची लाज वाटेल अशी भीती वाटते.

पुढच्या वर्षी आठवीत ही मुलं एनएमएमएस या केंद्र सरकारच्या शिष्यवृत्ती परीक्षेला बसू शकतात. साडेतीन लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातलं मूल निवडलं गेलं तर नववी ते बारावी वर्षाला 12,000 रुपये मिळतात. आमच्याकडे तेवढ्यावर एखादीचं लग्न लांबतं.

शनिवारी समितीची बैठक आहे. त्याआधी कुणी तक्रारीचा किंवा ठरावाचा नमुना दिला तर तो तिथेच मांडता येईल.