मदत हवी आहे : सावल्यांच्या खेळात सोन्याचा हार कसा दाखवावा?

मंडळी, इंदूरला गणपतीत सहा ते नऊ वर्षांच्या मुलांसाठी पंचतंत्रातली कावळा-कावळी आणि सापाची गोष्ट सावल्यांच्या बाहुल्यांनी करायची आहे, १२ मिनिटांत. (साप पिल्लं खातो, म्हणून कोल्ह्याच्या सल्ल्याने कावळी राजवाड्यातला सोन्याचा हार पळवते आणि हाराच्या मागे आलेले राजाचे सेवक सापाला मारतात, ती गोष्ट.) सापापासून बाळाचं रक्षण पंचतंत्राच्याच 'अपरीक्षितकारक' या भागातल्या मुंगसाच्या गोष्टीतही आहे, पण तिथे राखणदारच मारला जातो; एवढ्या लहानांना तो शेवट नको.

पडदा ४ बाय ३ फुटांचं पांढरं सुती कापड, मागे एकच छोटा दिवा. दोन लावले की सावली दुहेरी पडते, आणि बाहुली कापडापासून लांब गेली की कडा पुसट होतात. एवढं जमतंय.

अडतंय ते हारापाशी. सावली काळीच, मग हार सोन्याचा हे कळावं कसं? पुठ्ठ्याच्या चौकटीत पिवळा जिलेटिन कागद चिकटवावा, की सेवकांच्या तोंडी घालावं? शिवाय कावळी हार घेऊन सेवकांना दिसेल अशीच उडते आणि तो सापाच्या ढोलीत टाकते, खरी युक्ती हीच. ती घाईत निसटली तर कावळी नुसती चोर वाटते! हा प्रसंग किती मिनिटं ठेवावा? आणि कोल्ह्याचा सल्ला गाळला तर चालेल का?