मदत हवी आहे: लेकीचं ब्रेकअप, आणि आता पुन्हा कुणीतरी आवडलंय

बऱ्याच दिवसांपासून लिहीन लिहीन म्हणत होते. थोडं लांबेल, पण वाचा.

आम्ही सोलापूरचे, जुळे सोलापुरात राहतो. लेक सतरा वर्षांची, बारावी सायन्स. अकरावीत असल्यापासून क्लासमधल्या एका मुलाशी तिचं जमलं होतं. तो तिच्याहून एक वर्ष पुढे. जूनमध्ये तो मेडिकलची नीट परीक्षा रिपीट करायला लातूरला गेला. आठ-दहा दिवसांत "आता फक्त अभ्यास" असा एक मेसेज आला आणि सगळं बंद. हे मला तिच्या मैत्रिणीकडून कळलं, तिनं स्वतः सांगितलं नाही.

जेवण अर्ध्यावर आलं. रात्री दोन वाजता उठून पाहावं तर उशीखाली मोबाईलचा उजेड. सात रस्ता चौकातला क्लास सुटला की ती विजापूर रोडनं सरळ घरी यायची, ती होटगी रोडवरून आसरा चौकाला वळसा घालून येऊ लागली. मला वाटलं रस्त्याचं काम चालू असेल. नंतर कळलं की विजापूर रोडवर ते दोघं जिथं थांबायचे ती ज्यूसची गाडी आहे.

तेव्हा मी एक चूक केली. "जाऊ दे गं, या वयात असंच असतं," म्हणाले. धीर द्यायचा होता, पण पुढचे आठ दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलली. तिचं दुःख मी लहान करून टाकलं, हे अजून सलतंय.

जुलैअखेरीला गल्लीतल्या मंडळाचा लेझीमचा सराव सुरू झाला. मैत्रिणीनं ओढून नेलं. पहिल्या आठवड्यात तळहाताला फोड आले, तरी जात राहिली. घरी येऊन सपाटून भूक लागली म्हणायची. तिचे बाबा म्हणाले, "पोरगी माणसात आली." त्यांना आधीचं काहीच माहीत नाही.

परवा भाकरी करत होते, तर मागे येऊन म्हणाली, "आई, हलगी वाजवायच्या आधी जाळावर का शेकतात गं?" मी म्हटलं, कातडं ताणलं जातं, आवाज खणखणीत निघतो. "तोही तेच म्हणाला," असं बोलून गेली आणि लाल झाली. हलगी वाजवणारा मुलगा तिच्याच वयाचा आहे, दुसऱ्या कॉलेजात.

तिला हसताना पाहून मला बरं वाटतंय, खोटं कशाला सांगू. पण पोटात गोळाही येतो. दोन महिने झालेत फक्त. पहिल्याचं दुःख विसरायला हा दुसरा नाही ना? फेब्रुवारीत बोर्ड आहे. हेही तुटलं तर? मला सगळं माहीत आहे हे तिला सांगू का? बाबांना सांगू का?

प्रतिसाद १
ताई, मी शाळेत समुपदेशक आहे. दोन महिने कमी की जास्त, हे बाहेरून ठरवता येत नाही. झोप, जेवण, मैत्रिणी, अभ्यास हे चारही जागेवर येत असतील तर ती सावरतेय. नव्या मुलाबद्दल खोदून विचारू नका. आधी त्या "जाऊ दे"बद्दल तिची माफी मागा. पुन्हा झोप उडाली किंवा जगण्यात अर्थ नाही असं बोलली, तर एक दिवसही थांबू नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालतो, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

प्रतिसाद २
तिचा मोबाईल चोरून बघू नका, एवढंच सांगते. माझ्या आईनं माझी वही वाचली होती. आज मी चाळिशीची आहे, तिच्याशी सगळं बोलते, पण मनातलं नाही. बाबांना सांगायचं की नाही, ते तिला विचारूनच ठरवा.

धागाकर्तीचं उत्तर
दोघींचे मनापासून आभार. काल दुपारी शेंगाची चटणी कुटायला बसलो होतो, तेव्हा म्हटलं, "त्या वेळी मी चुकीचं बोलले गं. तुला किती लागलं होतं ते मला कळलंच नाही." मुसळ खाली ठेवून रडली. तासभर फक्त त्या लातूरच्या मुलाबद्दल बोलली, मी मध्ये एक शब्द बोलले नाही. हलगीवाल्याचं नाव एकदाच आलं, तेही शेवटी. "तो चांगला आहे, पण मला घाई नाही," म्हणाली. बाबांना इतक्यात नको, असंही.

उद्या सराव बघायला येतेस का, म्हणून विचारलंय. जाणार आहे.