व्हॉल्व्ह अ‍ॅम्पचा बेस: अ‍ॅम्प सुधारायचा की बेस दुसऱ्याच्या गळ्यात घालायचा?

लोखंडी_कोअर
सिंगल-एंडेड ३००बी (३००बी या एकाच व्हॉल्व्हने, म्हणजे व्हॅक्यूम ट्यूबने, स्पीकर चालवणारा अ‍ॅम्प) घ्यायचा आणि वर "बेस ढिला आहे" म्हणून रडायचं, हे थांबवा. व्होल्टेज तेवढंच असताना फ्रिक्वेन्सी निम्मी झाली की आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या (व्हॉल्व्ह आणि स्पीकर यांना जोडणाऱ्या) लोखंडी कोअरमधला फ्लक्स (चुंबकीय प्रवाह) दुप्पट होतो. म्हणजे ८० हर्ट्झच्या चौपट भार २० हर्ट्झला. त्यात सिंगल-एंडेडमध्ये प्रायमरीतून (ट्रान्सफॉर्मरच्या व्हॉल्व्हकडच्या गुंडाळीतून) सतत डीसी वाहतो, म्हणून कोअरला गॅप ठेवावी लागते आणि इंडक्टन्स (ज्यावर खालचा बेस टिकतो तो गुण) पडतो. आठ वॉटच्या अ‍ॅम्पकडून हे काम करून घ्यायचंच कशाला? इनपुटला सिरीजमध्ये कपॅसिटर टाका. इनपुट इम्पिडन्स १०० किलोओहम असेल तर ०.०२२ मायक्रोफॅरड, म्हणजे साधारण ७२ हर्ट्झला कट, त्याखाली सिग्नल घटत जातो. खालचं सगळं पॉवर्ड सबवूफरला (स्वतःचा अ‍ॅम्प असलेल्या बेसच्या स्पीकरला), पण त्याचा सिग्नल कपॅसिटरच्या आधी काढा. कोअर सॅच्युरेट होणं (चुंबकत्वाची मर्यादा गाठणं) थांबलं की गायकाचा आवाजही मोकळा होतो.

पुश_पुल_पंथी
वा! बेस हवा तर व्हॉल्व्हला बेस द्यायचाच नाही! इंजिनिअर विल्यमसनचं अ‍ॅम्पचं सर्किट १९४७ मध्ये 'वायरलेस वर्ल्ड' मासिकात आलं: पुश-पुल केटी६६ (दोन बाजूंनी उलटसुलट काम करणारी व्हॉल्व्हची जोडी), २० डेसिबल फीडबॅक (आउटपुटचा काही भाग उलटा करून इनपुटला परत देणं), प्रायमरीचा इंडक्टन्स १०० हेन्री. तेव्हा कुठला सबवूफर होता?

खरं दुखणं आउटपुट इम्पिडन्सचं (अ‍ॅम्पच्या स्वतःच्या आतल्या अडथळ्याचं) आहे. फीडबॅक नसलेल्या ३००बीचा ३ ओहम धरा. स्पीकर ६ ओहमवरून रेझोनन्सला (कोन सगळ्यात सहज हलतो त्या फ्रिक्वेन्सीला) ४० ओहमवर गेला की तिथे जवळजवळ ३ डेसिबलचा फुगवटा येतो. हाच इम्पिडन्स ०.४ ओहम असता तर फुगवटा अर्ध्या डेसिबलवर आटोपला असता. लोक ज्याला ढिला बेस म्हणतात तो बहुतेक वेळा हा फुगवटाच असतो. ईएल३४ व्हॉल्व्हची मॅच्ड (सारखा करंट घेणारी) जोडी, अल्ट्रालिनियर जोडणी (व्हॉल्व्हची स्क्रीन ट्रान्सफॉर्मरच्या मधल्या टॅपला) आणि नीट फीडबॅक, एवढं पुरतं. जोडी मॅच्ड नसेल तर दोन बाजूंच्या करंटमधला फरक कोअरला एका बाजूला ढकलतो आणि पुश-पुलचा फायदाच जातो.

चार_ओहम
भांडण्याआधी फुकटातलं करून बघा. ८ ओहमचा स्पीकर अ‍ॅम्पच्या ४ ओहमच्या टॅपला (मागच्या जोडणीला) लावा. आउटपुट इम्पिडन्स निम्मा होतो. पॉवर थोडी कमी मिळते, पण बेस आवळतो. अ‍ॅम्प बंद करून मगच वायर हलवा. चालू अ‍ॅम्पचा स्पीकर सुटला तर ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. आणि केबलवर पैसे उडवू नका: २.५ चौरस मिमीची पाच मीटर केबल जाऊन-येऊन ०.०८ ओहम. ३ ओहमपुढे ती चिल्लर आहे.

लोखंडी_कोअर
@पुश_पुल_पंथी "नीट फीडबॅक" हे दोन शब्द लिहायला सोपे आहेत. बेस वाढवायचा म्हणून मंडळी ०.१ मायक्रोफॅरडचे कपलिंग कपॅसिटर (एका टप्प्याचा सिग्नल पुढच्या टप्प्याला देणारे) काढून ०.४७ टाकतात. मग दोन कपलिंग आणि ट्रान्सफॉर्मर यांचं फेज शिफ्ट (सिग्नल वेळेत मागेपुढे सरकणं) तळाला एकत्र येतं, फीडबॅक उलटतो आणि वूफरचा कोन गाणं नसतानाही सावकाश आत-बाहेर डुलत राहतो.

पुश_पुल_पंथी
म्हणून आधी हिशोब करायचा. २२० किलोओहमच्या ग्रिड लीकसोबत (व्हॉल्व्हच्या ग्रिडवरच्या रेझिस्टरसोबत) ०.०२२ असेल तर कट ३३ हर्ट्झला, तो जरूर बदला. ०.१ला ७ हर्ट्झ मिळतात, तिथे थांबा. कपॅसिटर ६३० व्होल्टचा हवा. गळका निघाला तर ग्रिडवर पॉझिटिव्ह व्होल्टेज चढतं आणि प्लेट लाल होते. जीझेड३४ (एसीचा डीसी करणारा रेक्टिफायर व्हॉल्व्ह) असेल तर पहिला फिल्टर कपॅसिटर ६० मायक्रोफॅरडच्या वर नको, वाढवायचं ते चोकच्या (पॉवर सप्लायमधल्या कॉइलच्या) पुढे.

आता तुमच्या ०.०२२कडे येतो. एका कपॅसिटरचा उतार फक्त ६ डेसिबल प्रति ऑक्टेव्ह (फ्रिक्वेन्सी निम्मी होण्यामागे). ३६ हर्ट्झला जेमतेम ७ डेसिबल कमी. कोअरची सुटका झाली कुठे?

लोखंडी_कोअर
झाली की. कटच्या खाली फ्रिक्वेन्सी निम्मी झाली की व्होल्टेजही जवळपास निम्मं होतं, त्यामुळे फ्लक्स वाढायचाच थांबतो. मला तेवढंच हवं आहे. सबशी ओव्हरलॅप होतो हे मात्र कबूल; सबचा क्रॉसओव्हर (जिच्या वर सब उतरत जातो ती फ्रिक्वेन्सी) ६० हर्ट्झच्या आसपास ठेवा आणि फेज स्विच दोन्हीकडे फिरवून बघा, जिकडे ७० हर्ट्झचा टोन जोरात येईल तिकडे ठेवा.

चार_ओहम
टोन ऐकताना खुर्ची हलवू नका. १० बाय १२ फुटांच्या खोलीत ४७ आणि ५६ हर्ट्झला मोड (भिंतींमध्ये घुमून काही जागी फुगणारे सूर) बसतात, आणि आपल्या विटा-काँक्रीटच्या भिंती बेस फारसा पीत नाहीत. दोन फूट सरकलात की निकाल वेगळा. पोर्टवाला (पेटीला हवेचं भोक असलेला) स्पीकर असेल तर आधी पोर्टमध्ये फोमचा बोळा घालून ऐका.