अनुभव धागा: दाढ, जबडा आणि न थांबणारी डोकेदुखी

डोकं दुखलं की आपल्याकडे पित्त, ऊन, चष्मा आणि नजर लागणं एवढीच कारणं. तोंडात पाहायचं कोणाला सुचत नाही. तुमच्या घरात, गावात दाताजबड्यापायी डोकं धरून बसलेलं कोणी असेल तर लिहा. वऱ्हाडीत लिहिलं तरी चालेल. औषधांची नावं मात्र नकोत.

दर्यापूरकडून:
माह्यं उजवं कानशील ठणके, सांजीले जास्त. सोंगणीचे दिवस, म्हटलं ऊनच लागलं. दुकानातली गोळी खायची अन् परत वावरात. नंबरही काढून पाह्यला. मंग एका रात्री माठातलं गार पानी पेलो, त दाढेपासून कानशिलापर्यंत सरकन कळ गेली. डॉक्टरनं फोटो काढला, त खालची दाढ आतून सडेल. सडे खाली, दुखे वर! रूट कॅनॉल केलं अन् डोकं थांबलं. आमची माय म्हने, वरची दाढ काढली त डोये जातात. माही खालची होती म्हनून तिनं जाऊ देलं.

तालुक्याच्या गावी दंतवैद्य आहे:
ते डोळे जाण्याचं खरं नाही. पण वरच्या भावाचं दुखणं अगदी नमुनेदार. दात, जबडा, गाल, कपाळ, कानशील या सगळ्यांची संवेदना ट्रायजेमिनल या एकाच नसेच्या तीन शाखांतून मेंदूकडे जाते, म्हणून कळ नेमकी कुठली हे मेंदूला ओळखता येत नाही. दाताची कळ सहसा बाजू मात्र बदलत नाही. उजवी दाढ, तर उजवंच डोकं.

आर्वीहून, शिक्षिका:
माझं डोकं सकाळी उठतानाच जड. दोन्ही कानशिलं दाबली की दुखायची, जांभई देताना कानापुढे कट्कन वाजायचं. मी झोपेत दात करकर खाते, हे नवऱ्याला माहीत होतं, पण सासूबाईंनी त्याचं निदान "जंत" असं करून टाकलेलं. दंतवैद्यानं दाढांचे झिजलेले माथे आरशात दाखवले आणि रात्री घालायची कवळीसारखी पट्टी करून दिली. डोकेदुखी पार गेली असं नाही. परीक्षेच्या दिवसांत येतेच, पण गोळीवाचून निभतं.

मूलजवळून (जि. चंद्रपूर):
खर्रा राहिला की राजेहो! २०१२ साली गुटखाबंदी झाली, पण पन्नीत घोटलेला सुपारी-तंबाखूचा खर्रा चालूच आहे. माझा चुलतभाऊ दिवसभर तोंडात धरायचा. आधी कानशिलं दुखायची, मग तिखट लागेना, मग भाकरीचा घास मोठा वाटू लागला. तोंडात तीन बोटं उभी जाईनात. डॉक्टर म्हणाले, सुपारीनं गालाची कातडी आतून आवळत चाललीय, हे कॅन्सरच्या आधीचं लक्षण असू शकतं. डोकेदुखीसाठी गेला होता, आता या आवळलेल्या तोंडासाठी नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयात खेटे चालू आहेत.

वणीहून:
उलट बाजूही लिहिते. माझ्या मावशीच्या गालात करंट बसल्यासारखी कळ यायची. तोंड धुताना, वारा लागला तरी. एकामागून एक चांगल्या दाढा उपटल्या गेल्या, कळ तिथेच. शेवटी मेंदूच्या डॉक्टरांनी सांगितलं की दुखणं दाताचं नाही, दंतवैद्यांनी वर सांगितलेल्या त्या नसेचंच आहे. नसेच्या औषधांनी उतार पडला, दाढा काही परत आल्या नाहीत. दाढेचा फोटो पाहिल्याशिवाय काढू देऊ नका.

पुन्हा दंतवैद्य:
वणीच्या ताईंशी सहमत. आणखी दोन गोष्टी. महिन्यातले १५ किंवा जास्त दिवस दुखणं मारायची गोळी खात राहिलं, तर काही महिन्यांत गोळीच डोकं दुखवायला लागते. आणि पन्नाशीपुढच्या माणसाला नव्यानंच कानशीलदुखी लागली, चावता चावता जबडा भरून येऊ लागला, नजर अंधुक झाली, तर माझ्यासारख्याकडे येऊ नका. त्याच दिवशी मोठा दवाखाना गाठा. रक्तवाहिनीला सूज असू शकते, आणि त्यात मात्र डोळे खरोखर जातात.