पीएसए संवेदक बफरमध्ये उत्तम चालतो, सीरममध्ये अडखळतो: काय करावे?

विश्लेषक_कोल्हापूर (प्रश्न)

नमस्कार. पदव्युत्तर प्रकल्पासाठी मी पीएसए, म्हणजे प्रोस्टेट ग्रंथीत तयार होणारे प्रथिन, मोजणारा विद्युतरासायनिक संवेदक तयार करते आहे. छापील कार्बन इलेक्ट्रोडवर सोन्याचे नॅनोकण बसवून त्यांवर पीएसएचे प्रतिपिंड (पीएसएला ओळखून धरणारी प्रथिने) बांधले आहेत, मोकळ्या राहिलेल्या जागा गाईच्या अल्ब्युमिनने झाकल्या आहेत आणि फेरो-फेरिसायनाइडच्या द्रावणात इम्पीडन्स (विद्युतप्रवाहाला होणारा रोध) मोजते. पीएसए प्रतिपिंडाला चिकटले की फेरिसायनाइडला पृष्ठभागापर्यंत पोहोचणे अवघड होते आणि रोध वाढतो. फॉस्फेट बफरमध्ये (आम्लता स्थिर ठेवणाऱ्या साध्या द्रावणात) 0.1 ते 10 नॅनोग्रॅम प्रतिमिलिलिटर या पट्ट्यात हे अगदी नेटके दिसते.

सीरम (रक्त गोठल्यावर वेगळा होणारा द्रव) वापरले की मात्र पीएसए न घालताच रोध वाढतो आणि मोजून घातलेल्या पीएसएपैकी जेमतेम निम्मेच हाती लागते. चूक कुठे होत असावी? शिवाय प्रबंधाच्या शीर्षकात ‘कर्करोगाचे लवकर निदान’ असे लिहावे, असा सल्ला मिळाला आहे. तो योग्य आहे का?

इलेक्ट्रोड_आणि_मी

आपल्या मांडणीत मूलभूत चूक दिसत नाही. सीरम हेच असे कठीण असते. रक्तातील ग्लुकोज मिलिमोलरमध्ये असते, तर 4 नॅनोग्रॅम प्रतिमिलिलिटर पीएसए म्हणजे जेमतेम 130 पिकोमोलर, म्हणजे ग्लुकोजच्या सुमारे चार कोटींश. त्याच थेंबात अल्ब्युमिन वजनाने पीएसएच्या साधारण एक कोटी पट असते. इम्पीडन्सला पृष्ठभागावर काय बसले हे कळत नाही, काहीतरी बसले एवढेच कळते. त्यामुळे अल्ब्युमिन, फायब्रिनोजेनचे अवशेष, इम्युनोग्लोब्युलिन यांपैकी जे चिकटेल त्याची नोंद पीएसए म्हणूनच होते.

पहिला उपाय तुलनेचा आहे. त्याच तुकडीतील दुसऱ्या इलेक्ट्रोडवर पीएसएशी संबंध नसलेले, पण त्याच जातीचे प्रतिपिंड बसवावे, दोन्ही एकाच सीरममध्ये बुडवावेत आणि वाचनांतील फरक घ्यावा. झाकण्यासाठी केवळ अल्ब्युमिनवर विसंबू नये. पॉलिइथिलीन ग्लायकॉलचा थर बहुधा अधिक टिकतो. सीरम दहापट विरल करून त्यात थोडे ट्वीन-20 (साबणासारखा सौम्य पदार्थ) घातल्यास चिकटणे कमी होते, पण मग 4 चे 0.4 होते आणि आपल्या पट्ट्याच्या खालच्या टोकाजवळ काम करावे लागते, हे ध्यानात ठेवावे.

माझे स्वतःचे मत असे की प्रथिनांसाठी निव्वळ इम्पीडन्सचा हट्ट धरू नये. दुसऱ्या प्रतिपिंडावर अल्कलाइन फॉस्फटेज हे विकर (रासायनिक क्रिया घडवणारे प्रथिन) जोडून सँडविच करावे, म्हणजे पीएसए दोन प्रतिपिंडांच्या मध्ये धरावे, म्हणजे पीएसएच्या दोन वेगळ्या जागा ओळखल्या गेल्याशिवाय प्रवाह येत नाही आणि एकेक विकर हजारो रेणू तयार करून संकेत मोठा करते. एक टप्पा आणि एक धुणे वाढते खरे, पण उत्तरावर विश्वास ठेवता येतो.

अर्धेच पीएसए हाती लागण्याचे कारण कदाचित इलेक्ट्रोडवर नसून सीरममध्येच असेल. पीएसए हे प्रथिने तोडणारे विकर आहे. सीरममध्ये घातलेल्या शुद्ध, सक्रिय पीएसएला अल्फा-2-मॅक्रोग्लोब्युलिन हे रक्तातील प्रथिन वेढून टाकते आणि मग प्रतिपिंडाला ते दिसत नाही. काही भाग अल्फा-1-अँटिकायमोट्रिप्सिन या दुसऱ्या प्रथिनाशी बांधला जातो. तो दिसतो, पण सगळ्याच प्रतिपिंडांना सारखा नाही. म्हणून मुक्त आणि बद्ध पीएसए समान ओळखणारे प्रतिपिंड आहे का, हे त्याच्या माहितीपत्रकात आधी पाहावे.

रक्तचाचणी_विभाग

वरील विवेचनाशी मी सहमत आहे. कोऱ्या नमुन्यासाठी स्त्रियांचे सीरम वापरावे, कारण त्यात पीएसए नगण्य असते आणि बाकी सारी प्रथिने मात्र खरी असतात. संस्थेच्या नैतिकता समितीची परवानगी आधी घ्यावी. रुग्णालयातील चाचणीत पीएसए आधीच मोजलेल्या, उरलेल्या नमुन्यांशी तुलना केल्याशिवाय पुढे जाऊ नये, कारण त्यांतले पीएसए शरीराने स्वतःच बांधलेले असते.

शीर्षकाबद्दल मात्र आग्रहाने सांगते: ‘लवकर निदान’ लिहू नये. ग्रंथी केवळ वयोमानाने वाढली किंवा तिला सूज आली, तरीही पीएसए वाढते, आणि हा दोष संवेदकाचा नसून त्या प्रथिनाचा आहे. संवेदक हजारपट सूक्ष्म केला तरी तो जात नाही. समजा एक लाख लोकांपैकी 100 जणांना आजार आहे आणि चाचणी 90 टक्के रुग्ण पकडते व 95 टक्के निरोगी लोकांना बरोबर वगळते. तर 90 खऱ्या रुग्णांसोबत 4,995 निरोगी माणसे घाबरून बायोप्सीच्या रांगेत उभी राहतील. ब्रिटनमध्ये दोन लाखांहून अधिक स्त्रियांवर अंडाशयाच्या कर्करोगाच्या चाळणीची (लक्षणे नसलेल्यांच्या तपासणीची) मोठी चाचणी झाली. त्यातील एका गटात दरवर्षी सीए-125 हे रक्तातील प्रथिन मोजले गेले आणि आजार आधीच्या टप्प्यावर सापडण्याचे प्रमाण वाढले, पण 2021 मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षांत त्या कर्करोगाने होणारे मृत्यू घटल्याचे दिसले नाही. रोज अहवालांवर सही करताना मला त्या निरोगी माणसांचीही काळजी वाटते.

विश्लेषक_कोल्हापूर

दोघांचेही मनापासून आभार. माझे प्रमाणित पीएसए शुद्ध आणि मुक्त स्वरूपाचेच आहे, हे आत्ता बाटलीवर पाहिले. अल्फा-2-मॅक्रोग्लोब्युलिनचा विचार मी केलाच नव्हता. शीर्षक ‘मानवी सीरममधील पीएसएचे विद्युतरासायनिक मापन’ असे करते. शोधमर्यादा (संवेदकाला ओळखता येणारे सर्वांत कमी प्रमाण) मी बफरमधील कोऱ्या वाचनांवरून काढली होती. ती तशीच ठेवावी का?

इलेक्ट्रोड_आणि_मी

ठेवू नये. स्त्रियांच्या सीरमवर किमान दहा वेगवेगळ्या इलेक्ट्रोडांवरून वाचने घ्यावीत, त्यांच्या प्रमाण विचलनाची तिप्पट करून सीरममध्येच काढलेल्या रेषेच्या उताराने भागावे आणि येईल तो आकडा छापावा. तो बफरमधल्यापेक्षा बराच मोठा येईल. एकच इलेक्ट्रोड दहा वेळा वापरू नये, कारण छापील इलेक्ट्रोडांत एकाहून दुसऱ्यात पडणारा फरकच बहुधा सर्वांत मोठा असतो.