ग्रामपंचायतीची इमारत मांगरासारखी बांधता येईल का?

पागोळी: गाव कुडाळ तालुक्यात. पंचायतीच्या नव्या इमारतीचा नकाशा आलाय: सपाट स्लॅब, सरकत्या काचांच्या खिडक्या, पुढे अरुंद पायऱ्या. आमच्याकडे स्लॅब गळायला लागला की त्यावर पत्र्याची शेड चढतेच. मग शेतातल्या मांगरासारखी (शेतघरासारखी) चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची, कौलारू इमारत आधीच का बांधू नये? ग्रामसभेत विषय मांडणार आहे. कोणी अशी कामं केलीत का?

चिरेबंदी: केलीत. चिऱ्याच्या बांधकामावर देखरेख करणं हाच माझा धंदा. नुसती कौलं चढवून मांगर होत नाही, पडवी रुंद हवी. छप्पर पडवीवरून खाली उतरतं म्हणून पागोळ्या भिंतीपासून लांब पडतात आणि झडीत चिरा भिजत नाही. मंगलोरी कौलांना उतार तीसेक अंशांचा ठेवा. उंची वाचवायला तो कमी केला की वाऱ्याबरोबर पाणी कौलांखाली शिरतं. चिरा खाणीतून काढल्यावर नरम असतो, उन्हावाऱ्यात कडक होतो, तेव्हा लावायची घाई नको. बाहेरून गिलावा करू नका, नुसत्या सांध्यांत मसाला दाबून दर्जा भरा. छपराचा भार पेलायला वाळवी लागणार नाही अशा लोखंडी कैच्या (त्रिकोणी सांगाडे) घ्या.

आणि पुढे खळं, म्हणजे मोकळं अंगण, ठेवाच! मळणी खळ्यात, लग्नाचा मांडव खळ्यात, मग ग्रामसभा कोंदट हॉलमध्ये का? पावसाळा सोडला तर सभा तिथेच भरू दे. दाखल्यासाठी आलेली म्हातारी माणसं पडवीत बसतील, तिथे भिंतीलगत चिऱ्याचा कट्टा बांधून घ्या. पायऱ्यांशेजारी उतारही हवा. मला पंचायतीच्या इमारतीत सगळ्यात जास्त जीव या पडवीचा वाटतो.

माळवद: मी लातूरकडचा. इथे पाऊस कमी, म्हणून माळवद (मातीचं सपाट छप्पर), आत चौक, भोवती ओसरी. चौक-ओसरी नव्या इमारतींतही यावी असं मनापासून वाटतं. पण 1993 च्या किल्लारी भूकंपात जाड दगडमातीच्या भिंती आणि माळवदाचं ओझं झोपलेल्या माणसांवर कोसळलं. मांडणी जुनी घ्या, पण भिंतींत जोत्याला आणि दारं-खिडक्यांच्या वर आरसीसीचे पट्टे हवेतच. कोकणातही.

पागोळी: पट्ट्यांचं लिहून घेतलं. अभियंता म्हणतात, अंदाजपत्रकात चिरा बसत नाही.

चिरेबंदी: सरकारी दरसूचीत जांभ्याच्या बांधकामाचा दर असतो, तो काढून दाखवायला सांगा. तांत्रिक मंजुरी व्हायच्या आत ग्रामसभेचा ठराव द्या, सोबत पडवी आणि खळ्याचा आराखडा जोडा. एकदा निविदा निघाली की नकाशाला कोणी हात लावत नाही.